शेठला न दिसणारी जाहिरात

"आई, आपल्या मोबाइलवरच्या जाहिरातीचे दिवसाचे पैसे आजही सकाळीच संपले," मंजू म्हणाली. "एकाच मोबाइलवरून कुणीतरी वीसदा बोट मारलंय. प्रत्येक बोटाला आपले पैसे जातात आणि गोधडीसाठी फोन एकही नाही. असंच चाललं तर महिन्याभरात धंदा बंद."

ते बोट मी ओळखलं. बावीस वर्षं शेठच्या शोरूमसाठी मी गोधड्या शिवल्या, उन्हाच्या चिंध्यांना सावलीचा दोरा घातला. एकदाच एका गोधडीच्या कोपऱ्यात माझं नाव टाचलं, तर त्यानं मला हाकलून दिलं. तिथं शिवणारी शकू सांगायची, "उदबत्ती लावतो अन् भवानी व्हायच्या आधी तुझ्या जाहिरातीवर बोट मारत बसतो."

"त्याच्या मोबाइलला दिसणार नाही, असं करता येतं?" मी विचारलं.

"येतं की."

"मग तसं कर. आणि सगळ्या जिल्ह्याला कशाला? फक्त त्याच्या दुकानाभोवती दाखव."

महिन्याभरात निम्म्या खर्चात चौपट गोधड्या गेल्या. शकूही माझ्याकडं शिवायला आली.

मग शेठचा फोन आला. "काय केराबाई, जाहिरात दिसत नाही हल्ली? दमलात?"

"दमले हो शेठ," मी आवाज बारीक केला. "तुमच्यापुढं माझा कसला टिकाव?"

तो खुशीत हसला. फोन ठेवते तोच दुसरा वाजला.

"बाई, तुमची जाहिरात पाहिली. मी मोठ्या शोरूमच्या दारात उभी आहे. इथून तुमचं घर कुठं?"

"आत शेठ बसलेत ना, त्यांनाच विचारा," मी म्हणाले. "नाव मात्र माझं घ्या, मोठ्यानं."