एकट्याचा खेळ

भिंतीवरच्या स्क्रीनवर लग्नाचा फोटो होता. सारंग हातात हार घेऊन उभा होता आणि त्याच्यासमोर कोणीच नव्हतं.

"मी हात नाही लावला गं," सासूबाई म्हणाल्या. "सकाळी आपोआप बदलला."

मृण्मयी बघतच राहिली. 'विहीर' हा गेम तिने आणि सारंगने, नवरा-बायकोने मिळून केला होता, त्यातली सगळी चित्रं तिची. पण एकट्याने झपाटून केलेला गेम जास्त खपतो, असं लोकांपुढची प्रतिमा घडवणाऱ्या सॉफ्टवेअरने सांगितलं. "काढ माझं नाव, गेम चालला पाहिजे," असं तीच म्हणाली होती. जुनी आवृत्ती कुठे मागे ठेवायची नाही, या सवयीने त्यातलं 'सगळीकडे बदला' हे बटणही तिनेच दाबलं होतं. तिला वाटलं होतं, गेमच्या पोस्टरपुरतंच असेल.

सारंग बाहेर आला. फोटोकडे बघून तो जरा थबकला.

"परत आणता येईल ना?" तिने विचारलं.

"येईल. पण आत्ता कुठे खप वाढतोय."

"छापलेला अल्बम आहे कपाटात," सासूबाई हळूच म्हणाल्या. "त्यात आहे ती."

"आई, उद्या मुलाखतीला माणसं येतील," सारंग म्हणाला. "तो माळ्यावर टाक."