एकतिसाव्या आकड्यानंतर

"वहिनी, हा ठोकळा राहू द्या," हणमंत म्हणाला. "भंगारातच जायचाय तो."

"मग माझ्या हातून जाऊ दे," म्हणत कुमुदने करवत लावली.

शीतगृहाच्या भिंतींसाठी फोम बनवणाऱ्या त्या कारखान्यात मिश्रणात घालायचं नवं सिलिकॉन आलं, तेव्हापासून फोममधले बुडबुडे फारच बारीक झाले होते. फोम फुगताना जवळ कुणी बोललं, की तो आवाज आतच कोंडून राहायचा आणि कापताना एकदाच बाहेर पडायचा. म्हणून मिश्रण ओतताना तोंड बंद ठेवायचा नियम होता. कुमुदच्या नवऱ्याला, सुदामला, तो कधी जमला नाही. घड्याळावर त्याचा भरवसा नव्हता; फोम घट्ट होईपर्यंत तो मोठ्याने चाळीसपर्यंत मोजायचा. शेजारी त्याचा जोडीदार हणमंत असायचा.

सुदामला जाऊन आठ महिने झाले होते. त्याने ओतलेला एकेक ठोकळा कुमुद मागून घेऊन कापत आली होती. हा शेवटचा.

"एकोणतीस... तीस... एकतीस..." आणि मोजणी थांबली. नुसती धाप ऐकू आली.

"कालच्यासारखीच कळ आलीय छातीत. कुमुदला सांगू नकोस. उगाच दवाखान्यात नेईल."

कुमुदने करवत थांबवली नाही. बोटभर फोम उरला होता. हणमंत भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"नाही सांगत," फोममधून हणमंतचा आवाज आला.