वळणापलीकडची अळंबी

तामियानं पर्यटकांना डोंगरातली अळंबी दाखवायचं काम धरलं, तेव्हापासून तिची आई सोइला धास्तावली होती. वळणापलीकडच्या आडव्या पडलेल्या ओंडक्यांवर खायची अळंबी उगवते, हे चार पिढ्या फक्त घरातल्यांना ठाऊक होतं. कुणी शेजाऱ्यानं विचारलंच, तर सोइला सांगायची, "तिकडे नका जाऊ, अस्वलीण पिल्लं घेऊन बसलीय." शेजारी मागं फिरायचे. पण हे परदेशी लोक अस्वल म्हटलं की कॅमेरे काढून तिकडेच धावले असते.

म्हणून आज जेवणाची टोपली पाठीला बांधून ती त्यांच्या मागोमाग निघाली. तामियानं निळी अळंबी दाखवली, मेलेल्या मुंगीच्या डोक्यातून उगवलेली दाखवली. मग ते वळण आलं.

"त्या बाजूला काय आहे?" टोपीवाल्या म्हाताऱ्या पाहुण्यानं विचारलं.

तामियानं मान खाली घातली. "तिकडे नको. परवा आमची गाय मेली तिथं, फार वास सुटलाय."

सगळे नाक दाबून पुढे गेले. म्हातारा मात्र सोइलाजवळ थांबला, टोपी काढून म्हणाला, "गाईचं ऐकून वाईट वाटलं, बाई."

सकाळीच त्या गाईचं दूध काढून आलेल्या सोइलाचे डोळे खरोखरच भरून आले. "फार गुणाची होती हो," ती कशीबशी म्हणाली.

तीस वर्षं तिनं एका अस्वलिणीवर काढली होती. पोरीनं पहिल्याच गाईत तिला मागं टाकलं होतं.