संध्याकाळचा फोन

दहा वर्षांनी शहराच्या महाल भागातले किती लोक एकाच वेळी फोन उचलतील, याच्या शक्यता मांडून रुपरावांनी नव्या टेलिफोन एक्स्चेंजचा आराखडा केला होता. वरच्या साहेबांना आकडे फुगवलेले वाटले. “साहेब, संध्याकाळी घरोघरी फोन वाजणारच,” रुपराव ठासून म्हणाले, आणि आराखडा मंजूर झाला. घरी येऊन त्यांनी दिवा लावला आणि एकट्यापुरता भात टाकला. कोपऱ्यातला काळा फोन गप्प होता. बायको होती तोवर त्यावर रोज संध्याकाळी एकच फोन यायचा, ऑफिसातून त्यांचाच. तेवढ्यात घंटी खणखणली. हातातली पळी टाकून रुपराव धावले. “साहेब, मी कवडू लाइनमन. खांबावरून लाइन चेक करून राहिलो. आवाज येते ना बराबर?” “येते गा.” “मंग ठेवतो.” “थांब,” रुपरावांनी रिसीव्हर कानाशी दाबून धरला. “लाइनीचा काही भरोसा नाही. उद्या संध्याकाळीही चेक करजो.”