कुंदाचा पासपोर्ट

अरे ऐका ना, आपल्या अंबरनाथच्या कुंदाचं! विहारातल्या बायकांसोबत तिनं नेपाळचा पक्का प्लॅन केला. लुंबिनी, पोखरा, काठमांडूचे जुने राजवाडे, सगळं! निघायच्या दिवशी नवऱ्याला, राजेंद्रला कळलं आणि त्यानं सरळ पट्टाच काढला.

"फॉरेनला जाते? मला न विचारता? पासपोर्ट काढ!"

कधीतरी दुबईच्या नादात दोघांनी काढलेले पासपोर्ट पत्र्याच्या पेटीत होते. कुंदा पेटीवर पालथीच पडली. "मला मारा, पण पासपोर्टला हात नका लावू हो!" त्यानं तिची बोटं बुटाखाली चिरडली, ओठ फोडला, पेटी ओढली आणि तिचा पासपोर्ट गॅसवर धरला. ती अशी धाय मोकलून रडली की अख्खी चाळ गोळा झाली. "आता जा बुद्धाला भेटायला!" म्हणत तो खुशीत सेकंड शिफ्टला गेला.



संध्याकाळी गोरखपूरच्या गाडीत तिचं सुजलेलं तोंड बघून शेजारी बसलेली विहारातली स्वप्नाली किंचाळलीच, तर कुंदानं ब्लाउजमधून इलेक्शन कार्ड काढलं आणि फुटक्या ओठानं हसली, "नेपाळला पासपोर्ट लागतच नाय, हे त्याला कळू नये म्हणून तर एवढी रडले गं!"