चोवीस शब्द

पैसे सांभाळण्यात दादाला मिळायचं काय, तर फुकटचा मोठेपणा. पैसे सगळे धाकट्या बहिणीचे. दुसऱ्याच्या पार्लरमध्ये दिवसभर उभी राहून तिने ते स्वतःच्या दुकानासाठी साठवले होते. दादाने ते क्रिप्टो चलनात घातले आणि त्याची किल्ली पेनड्राइव्हएवढ्या हार्डवेअर वॉलेटमध्ये ठेवली. वॉलेट बिघडलं तर पैसे परत मिळवून देणारे चोवीस शब्द असतात; ते ज्याला कळले, त्याच्या हाती पैसे. ते मात्र त्याने तिला कधी सांगितले नाहीत.

"पैसे माझेच आहेत ना रे?"

"आहेत की. पण तुझ्या पोटात काही राहतं का? गिऱ्हाइकाचे केस कापता कापता बोलून बसशील."

मग एकदा दादाला वॉलेट कंपनीचा म्हणून फोन आला. समोरचा फार अदबीने बोलत होता. 'हो सर, घ्या लिहून' म्हणत दादाने चोवीसही शब्द वाचून दाखवले. फोन ठेवेपर्यंत सगळे पैसे गेले होते.

बहीण कामावरून तशीच धावत आली. 

"मला सांगितले नाहीस, आणि त्या चोराला वाचून दाखवलेस? माझं दुकान गेलं, दादा."

दादाने शांतपणे पाण्याचा घोट घेतला.

 

"तुला सांगितले नव्हते तेच बरं झालं. नाहीतर आज आळ तुझ्यावर आला असता."