पहिल्याच गावात

सोनबा आबांनी मेंढरं विकली आणि त्यांचं घर एकदम सुनं पडलं. पुतण्या गोकुळने त्यांना टीव्हीला जोडायचा एक जपानी गेम आणून दिला. वर्षभर पुरेल एवढा लांबलचक. त्यात एक राजकुमार, आणि त्याच्यामागे ओळीने चालणारे तीन सोबती.

दिवाळीला गोकुळ सांगवीला आबांकडे आला, तर राजकुमार अजून पहिल्याच गावात.

“आबा, म्होरं सात राज्यं हायती की!”

“गावाभाईर गेलं की लढाई हुतीया. मागचा येखादा मरतो.”

“मरू द्या. परत जित्ता करता येतोय.”

“मला न्हाय बघवत.”

दिवस मावळला. गोकुळ टीव्ही बंद करायला उठला.

“थांब रं,” आबा घाईने बटणं दाबत म्हणाले, “आधी तिघांस्नी घरात घेऊ दे. कळप भाईर ठिवून मी कधी निजलो न्हाय.”